समोसा, टाळ्या आणि एक लाख पंच्याऐंशी हजार

पत्र

ताई,

आम्ही नाशिकचे. माझं वय ५१, ह्यांचं ५५. हे अंबडला एका कारखान्यात परचेस डिपार्टमेंटला आहेत, मी घरी शिकवण्या घेते. दिवाळीच्या खरेदीला मॉलमध्ये गेलो होतो तेव्हा एका मुलीनं आमच्याकडून कुपन भरून घेतलं. आठवडाभरानं फोन आला, ‘अभिनंदन मॅडम, तुम्हाला गिफ्ट लागलंय.’ अट एवढीच, की नवरा-बायको दोघांनी यायचं, पंचेचाळीस मिनिटं द्यायची आणि येताना क्रेडिट कार्ड आणायचं.

हॉटेलच्या हॉलमध्ये साडेतीन तास गेले. चहा-समोसे झाले. टेबलावरचा मुलगा फार गोड बोलणारा, त्याचंही गाव सिन्नर निघालं. पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप, म्हणजे पैसे आत्ता भरायचे आणि दर वर्षी काही दिवस त्यांच्या हॉटेलांत राहायचं. किंमत ४,७५,००० पासून सुरू झाली आणि १,८५,००० ला दोघांच्या सह्या झाल्या. ४०,००० तिथंच कार्डावरून गेले, बाकीचे हप्त्यांनी. मला मधेच उठावंसं वाटत होतं, पण त्यांचे समोसे खाऊन उठायचं कसं? ह्यांना आवडलंय असंही वाटलं, म्हणून गप्प बसले. येताना गाडीत दोघंही एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नेटवर वाचायला लागले आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून रोज भांडण. जे सापडेल ते मी ह्यांना फॉरवर्ड करते, दिरांसमोरसुद्धा बोलले. हे मान्यच करत नाहीत, उलट रोज नवा फायदा सांगतात. आता तर माझ्या धाकट्या बहिणीचं आणि तिच्या मिस्टरांचं नाव त्यांना दिलंय. ती दोघं गेली तर आम्हाला दोन हजारांचं व्हाउचर मिळणार. येत्या रविवारी त्यांना बोलावणं आहे.

ज्या माणसानं आयुष्यात तीन कोटेशनशिवाय खिळासुद्धा घेतला नाही, त्याला त्या दिवशी काय झालं? मी का गप्प बसले? आणि आता ह्यांना पटवायचं कसं? गिफ्टचा डिनर सेट पलंगाखाली तसाच पडलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

(हे उत्तर पत्र आलं त्याच रात्री त्यांना ईमेलनं पाठवलं होतं. त्यांची परवानगी घेऊन इथं देते आहे.)

आधी कागदाचं बोलू, मनाचं नंतर. तुम्ही जोडलेल्या फोटोंमध्ये कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं आहे, की सहीपासून दहा दिवसांत लेखी कळवलं तर सदस्यत्व रद्द करता येईल. आज पाचवा दिवस आहे. अशा हॉलमध्ये ‘ही किंमत फक्त आज’ म्हणून घाई करतात. ती मुदत खोटी असते, ही मात्र खरी आहे. करार क्रमांक घालून दोघांच्या सहीचं चार ओळींचं पत्र लिहा. करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा, तेच ईमेलनंही पाठवा, आणि पावती जपून ठेवा. कार्ड ज्या बँकेचं आहे तिला व्यवहाराबद्दल तक्रार असल्याचं लेखी कळवा. फोनवर काहीही मिटवू नका. तुम्ही रद्द म्हणालात की तिकडून फोन येईल, आणि तो करणारा माणूस टेबलावरच्या मुलापेक्षा जास्त मुरलेला असेल.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. युरोपात अशा सदस्यत्वांसाठी १४ दिवसांत विचार बदलण्याचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे. त्या हॉलमध्ये माणसाचं काय होतं हे तिथल्या कायदे करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून दिला. आपल्याकडे ती भिस्त करारातल्या कलमावर, आणि तुमच्या नशिबानं ते आहे.

पण पत्रावर दोघांच्या सह्या लागतील, आणि एक सही अडून बसली आहे. तेव्हा आता मनाकडे वळू.

तुमच्या मिस्टरांना ‘काय झालं’ होतं? काही नाही. ते नेहमीसारखेच होते. कामावर ते तीन कोटेशन मागतात तेव्हा टेबलाच्या अलीकडे बसलेले असतात. समोरचा घाम पुसत असतो, घड्याळ यांच्या भिंतीवर असतं आणि ‘कळवतो’ म्हणून त्याला वाटेला लावता येतं. त्या दिवशी ते टेबलाच्या पलीकडे होते. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

रॉबर्ट चाल्डिनी नावाचे अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ आहेत. विक्रीच्या या कला प्रयोगशाळेत नीट दिसत नाहीत असं त्यांना वाटलं, तेव्हा ते जवळजवळ तीन वर्षं वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या प्रशिक्षणांत वावरले. शिकाऊ म्हणून नाव घालायचं आणि आत काय शिकवतात ते बघायचं. १९८४ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलेली गंमत अशी, की ही मंडळी तुमच्या दुर्गुणांवर फारशी विसंबत नाहीत. लोभी माणूस उलट सावध असतो. ती विसंबतात तुमच्यावर झालेल्या संस्कारांवर.

तुम्ही समोशाचं दोनदा लिहिलं आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून देतात. लग्नातल्या आहेराची वही वीस-वीस वर्षं कपाटात असते, कारण त्यांच्याकडच्या कार्याला तेवढं तरी द्यायचं असतं. घेतलं तर फेडायचं, हे इतकं खोल गेलेलं आहे की आपण ते ठरवून करत नाही, ते आपल्याकडून होतं. १९७१ मध्ये डेनिस रीगन यांनी एक साधा प्रयोग केला. एक माणूस मधल्या सुट्टीत बाहेर जातो, येताना स्वतःसोबत समोरच्यासाठीही कोकची बाटली आणतो. कुणी मागितलेली नसते. थोड्या वेळानं तो लॉटरीची तिकिटं विकायला काढतो. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनी इतरांच्या मानानं सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एरवी तो माणूस आवडला तर लोक जास्त तिकिटं घेत आणि नावडला तर कमी. बाटली घेतलेल्यांच्या बाबतीत हा फरकच उरला नाही. माणूस आवडो न आवडो, देणं ते देणं.

आपल्या भाषेनं हे कधीच ओळखलं होतं, आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण म्हण माहीत असून उपयोग होत नाही, कारण आवळा हातात पडतो तेव्हा तो आवळा आहे असं दिसतच नाही. तो पाहुणचार दिसतो.

मी स्वतः याला साक्ष आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या दारात एक मुलगा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आला. ‘घ्यायचा नाही, फक्त बघा’ म्हणाला. मे महिना, घामाघूम झालेला पोरगा. मीच पाणी दिलं, मग चहा. (आणि तरी देणेकरी मीच ठरले, हे आजही मला नीट उलगडलेलं नाही.) त्यानं आमची गादी साफ केली, निघालेली धूळ काळ्या कापडावर पसरली आणि काही न बोलता माझ्याकडे बघत बसला. त्या धुळीवर आपण इतकी वर्षं झोपलो! मानसशास्त्राची पुस्तकं माझ्या मागच्याच फळीवर होती. तासाभरात चेक फाडला. ते यंत्र गेली कित्येक वर्षं माळ्यावर आहे. दर दिवाळीला खाली उतरतं, पुसून परत वर जातं. आणि पहिली दोन वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘फार उपयोगी आहे हो’ असं सांगत होते, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

हॉलमधल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. सिन्नरचा मुलगा कदाचित खरंच सिन्नरचा असेल. पण तुम्ही सातारच्या असतात तर त्याची आत्या सातारला दिली असती. ‘कुटुंबाला वेळ द्यायला हवा असं वाटतं ना सर?’ असे प्रश्न त्यानं विचारले असणार, आणि तुम्ही हो म्हणाला असाल. नाही कोण म्हणेल? पण प्रत्येक हो म्हणजे एक पायरी असते. फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात घरोघर जाऊन विचारलं, की तुमच्या अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, बेढब फलक लावू का? थेट विचारल्यावर १७ टक्के लोक तयार झाले. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची एक छोटीशी पट्टी खिडकीत लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. पट्टी लावल्यावर त्यांच्या स्वतःच्याच नजरेत ते ‘अशा कामात पुढे होणारी माणसं’ झाले होते. तुम्हीही त्या टेबलावर तासाभरात ‘कुटुंबाची काळजी असणारी, फिरण्याची हौस असणारी माणसं’ झालात. अशी माणसं पुढे नाही म्हणाली तर स्वतःशीच खोटी पडतात.

मग ४,७५,००० चा आकडा. तो कुणी द्यावा म्हणून सांगितलेला नसतोच. तो येतो तो १,८५,००० ला स्वस्त दिसायला लावायला. मॅनेजर येऊन ‘सरांसाठी’ म्हणून कागदावर रेघ मारतो. आता त्यानं तुमच्यासाठी काहीतरी सोडलं, मग तुम्हीही काही सोडायला हवं. पुन्हा तोच शेजारणीचा डबा. टाळ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण वाजल्या असतील. ‘टेबल नंबर अकराचं अभिनंदन!’ मोठं संगीत, फुगे. चार लोक जे करतात ते बरोबरच असणार, असं वाटायला लावणं एवढंच त्या टाळ्यांचं काम.

पण त्या हॉलमधली मला सगळ्यात धूर्त वाटलेली गोष्ट समोसा नाही की टाळ्या नाहीत. ‘दोघांनीच या’ ही अट आहे. ‘घरी विचारून सांगतो’ ही आपल्या लोकांची सगळ्यात जुनी ढाल. फेरीवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांना आपण तिच्यावर झेललं आहे. दोघंही समोर बसली की ढाल गेली. आणि त्याहून वाईट असं होतं, की दोघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायला लागतात. ह्यांना आवडलंय असं तुम्हाला वाटलं. मी पैजेवर सांगते, तुम्हाला आवडलंय असं त्यांनाही वाटलं असेल. तुम्ही मान डोलावत होतात ना? जेरी हार्वी नावाच्या एका प्राध्यापकांनी १९७४ मध्ये आपल्याच घरची गोष्ट लिहिली आहे. टेक्सासमधल्या भर उन्हाळ्यात, गार हवा नसलेल्या गाडीतून अख्खं कुटुंब ॲबिलीन नावाच्या गावी जेवायला गेलं, ५३ मैल जाणं आणि तेवढंच येणं. घरी आल्यावर कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. प्रत्येकानं दुसऱ्याचं मन राखलं होतं. तुमच्या गाडीतली ती शांतता मला या गोष्टीतलीच वाटते.

म्हणजे ‘मी का गप्प बसले’ याचं उत्तर भित्रेपणा हे नाही. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या सुमारास रेघांचे प्रयोग केले. दाखवलेल्या रेघेएवढ्याच लांबीची रेघ कोणती, एवढाच प्रश्न, आणि उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं. पण खोलीतल्या बाकी सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं, की चारांतले तीन जण एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण खोलीत एकच माणूस खरं बोलणारा ठेवला की हे मागे जाणं फार कमी व्हायचं. एकच माणूस पुरतो. तुम्ही दोघं त्या दिवशी एकमेकांचे तो एक माणूस होऊ शकला असता. पण दोघंही दुसऱ्यासाठी गप्प राहिलात. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथं ती भीड प्रेमापोटी होती, आणि घरी बोलताना तुम्हाला याचा उपयोग होणार आहे.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला वाटतं सौदा त्या हॉलमध्ये झाला आणि संपला. तो अजून चालू आहे, तुमच्या स्वयंपाकघरात. फक्त आता विकणारे तुमचे मिस्टर आहेत आणि गिऱ्हाईकही तेच.

१९६८ मध्ये नॉक्स आणि इंकस्टर या दोघांनी व्हँकुव्हरच्या घोड्यांच्या शर्यतीत, दोन डॉलरच्या खिडकीपाशी उभं राहून लोकांना विचारलं, तुमचा घोडा जिंकेल असं कितपत वाटतं? रांगेतले, अजून पैसे न लावलेले लोक जेमतेम बरी शक्यता सांगत होते. अर्ध्या-एक मिनिटापूर्वी तिकीट घेऊन बाहेर पडलेले चांगली शक्यता सांगत होते. घोडा तोच, मैदान तेच. मधे फक्त पैसे हातातून गेले होते. पैसे गेल्यावर माणूस घोड्याबद्दल नवी माहिती शोधत नाही, स्वतःबद्दलचं आपलं मत वाचवायला लागतो. ज्याची तीस वर्षांची नोकरीच खरेदीतल्या शहाणपणावर उभी आहे, त्यानं किती जिवाच्या आकांतानं वाचवावं?

आणि तुम्ही काय करता आहात? रोज एक नवीन पुरावा त्यांच्या फोनवर पाठवता. प्रत्येक पुराव्यावर त्यांना एक उत्तर शोधावं लागतं. शोधलेलं उत्तर मोठ्यानं बोलावं लागतं, तेही भावासमोर. आणि मोठ्यानं बोललेलं वाक्य माणसाला स्वतःलाच खरं वाटायला लागतं. माझा व्हॅक्यूम क्लीनर असाच दोन वर्षं ‘फार उपयोगी’ होता. तुमचा राग खरा आहे, मुद्देही खरे आहेत. पण टेबलावरच्या त्या मुलाचं उरलेलं काम तुमच्याकडून होतं आहे.

दोन हजारांच्या व्हाउचरचंही तेच. फेस्टिंजर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये विद्यार्थ्यांना तासभर खुंट्या फिरवण्यासारखं कमालीचं कंटाळवाणं काम करायला लावलं, आणि मग पुढच्या माणसाला ‘मजेचं आहे’ असं सांगायला काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त एक. नंतर खरं मत विचारलं तर एक डॉलरवाल्यांनाच ते काम जास्त आवडलेलं होतं. २० डॉलर मिळाले असते तर ‘पैशासाठी खोटं बोललो’ असं म्हणून मोकळं होता येतं. एका डॉलरसाठी कोण खोटं बोलेल? म्हणजे मला आवडलंच असणार. बहिणीचं नाव देण्यामागे तुमच्या मिस्टरांचा व्हाउचरचा लोभ मुळीच नाही, याची मला खात्री आहे. तीही त्या सदस्यत्वात आली तर हा निर्णय चुकीचा कसा असेल, एवढाच धीर त्यांना हवा आहे.

तर मग करायचं काय?

फॉरवर्ड आजपासून बंद. ‘फसलात’ हा शब्द बंद. दिरांना सांगा, की हा विषय आमच्या दोघांत राहू द्या. साक्षीदार असला की माणूस माघार घेत नाही.

मग एक संध्याकाळ निवडा, दोघंच असाल अशी. सुरुवात तुमच्याकडून, आणि जे खरं आहे तेच बोला. ‘अहो, त्या दिवशी मला उठावंसं वाटत होतं. समोसे खाऊन उठायची लाज वाटली. मला वाटलं तुम्हाला आवडलंय, म्हणून मी मान डोलावत बसले.’ आणि मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, निदान कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. ‘मलाही तसंच वाटलं होतं’ असं त्यांच्या तोंडून यायला जागा लागते. ते वाक्य आलं तर अर्धं काम झालं. नाही आलं तरी हरकत नाही. ते आतल्या आत म्हटलं गेलं तरी पुरे.

पुढची गोष्ट लगेच नको, दुसऱ्या दिवशी. कराराचे कागद टेबलावर ठेवा, शेजारी पेन ठेवा. विचारा, ‘कंपनीत एखाद्या व्हेंडरनं असा कागद आणला असता तर तुम्ही त्याला काय-काय विचारलं असतं?’ बस. वार्षिक देखभाल शुल्काच्या कलमावर तुमचं बोट जाता कामा नये. ते दर वर्षी वाढवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, मे महिन्यात आणि दिवाळीत खोली मिळेलच असं कुठं लिहिलं आहे का, पंचवीस वर्षांचा हिशोब करताना हे शुल्क धरलं होतं का, हे सगळं त्यांना स्वतःला सापडू द्या. सापडेल, कारण हाच त्यांचा धंदा आहे. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे बसवलेला माणूस तुम्ही परत अलीकडे आणून बसवायचा आहे.

आणि माघारीसाठी त्यांना अशी वाट द्या, जिच्यात मान खाली घालावी लागत नाही. ‘सही केली तेव्हा करार वाचायला मिळाला नव्हता, आता वाचला’ ही ती वाट. शिवाय ती खरीही आहे. ‘मी मूर्ख होतो’ या पाटीखालून जायला कुणीच तयार होत नाही. ‘नवीन माहिती मिळाली’ या पाटीखालून भले भले जातात, सरकारंसुद्धा.

तुम्हाला वाटेल, हेही डावपेचच की. मीही यावर विचार केला. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. जे करतो ते समोरच्याला उघड सांगितलं तर चालेल का? ‘आम्ही समोसा यासाठी देतो की तुम्हाला उठायची लाज वाटावी’ असं त्या हॉलमध्ये कुणी सांगितलं असतं तर हॉल रिकामा झाला असता. तुम्ही मात्र मिस्टरांना खुशाल सांगू शकता, ‘भांडून तुम्ही जास्तच अडून बसता, म्हणून मी भांडणार नाही, तुम्हीच कागद वाचा.’ हवं तर हे उत्तरही त्यांच्यापुढे ठेवा. काही बिघडणार नाही.

नाहीच म्हणाले तर? तीही शक्यता धरा. मग नवव्या दिवशी तुम्ही एकटीच्या सहीनं रद्द करण्याचं पत्र पाठवा, कारण करारात तुमचंही नाव आहे. पण लपूनछपून नको. ‘मी हे पाठवते आहे’ असं सांगून पाठवा. एकट्या सहीनं रद्द होईल की नाही हे करारावर ठरेल, पण मुदतीत हरकत नोंदवल्याचा कागद तुमच्याकडे राहील. आणि एक मर्यादा दोघांनी मिळून घाला, की यापुढे ‘अपग्रेड’च्या नावाखाली एक रुपयाही भरायचा नाही. तो फोन येणारच आहे. जो एकदा हो म्हणाला त्यालाच पुन्हा विचारतात.

आता बहीण. तिला ‘अजिबात जाऊ नकोस’ म्हणू नका. धाकटी बहीण आहे, मोठीनं अडवलं की नक्की जाईल. शिवाय मिस्टरांनी दिलेलं नाव तुम्ही परस्पर खोडलं, असं घरात दिसेल. त्यापेक्षा तिला फोन करून तुमच्या साडेतीन तासांची गोष्ट क्रमानं सांगा. आधी समोसे येतील. मग तुमच्या गावचा कुणीतरी निघेल. मग टाळ्या वाजतील. मग मॅनेजर कागदावर रेघ मारेल. विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं, की पटवण्याचा सौम्य डोस आधी टोचला तर खऱ्या माऱ्याला माणूस जास्त टिकतो, देवीच्या लशीसारखं. जे सांगितलं तेच त्याच क्रमानं घडायला लागलं, की तिला हसू येईल, आणि हसू आलेल्या माणसाकडून सही घेणं अवघड असतं. वर एवढंच सांगा, की क्रेडिट कार्ड घरी ठेवून जा, आणि नवराबायकोनं एक खूण ठरवून जा. एकानं चष्मा काढून पुसला की दुसऱ्यानं उठायचं. मला तर वाटतं, तुमच्या मिस्टरांनीच ही खूण तिला शिकवली तर बहार येईल. पण तेवढं रविवारपर्यंत जमेल, असं मी धरून चालत नाही.

राहिला डिनर सेट. तो काढू नका, वापरू नका आणि रागानं कुणाला देऊनही टाकू नका. सदस्यत्व रद्द झालं तर गिफ्ट परत मागण्याचं किंवा त्याची किंमत कापून घेण्याचं कलम असू शकतं, तेही मिस्टरांना वाचताना सापडेल. पैसे खात्यात परत येईपर्यंत तो पलंगाखालीच असू द्या. स्पीड पोस्टाची पावती त्याच खोक्यावर चिकटपट्टीनं लावून ठेवा, म्हणजे शोधाशोध नको.